अंगणात शाळा नेणाऱ्या कै. ताराबाई मोडक

आपल्या गावाच्या नावात 'बाळ' हा शब्द आहे. ते नाव बाळादेवीवरून पडले असून लहान मुलांशी त्याचा काही संबंध नाही, हे आपण सर्व जाणतोच. तरीही बाळापूरच्या महिला मंडळाच्या स्मरणिकेत, ज्यांनी आपले सारे आयुष्य बालकांच्या पायी वेचले अशा एका थोर स्त्रीचे चरित्र यावे, हे उचितच होय. ती स्त्री म्हणजे कै. ताराबाई मोडक. त्यांचे नाव निघाले की लोकांना कोसबाडची टेकडी आठवते, दादरचे शिशुविहार आठवते. परंतु या बाई ऐन तारुण्यातील काही वर्षे आपल्या वऱ्हाडात, अमरावतीस राहिल्या होत्या, आणि तेथूनच त्यांच्या आयुष्याने वेगळे वळण घेतले, ही गोष्ट आपल्याकडेही पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून भगिनींनो, हे चरित्र थोडे आपल्या घरचेच समजून वाचावे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी केळकर कुटुंबात झाला. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थनासमाजाचे कार्यकर्ते. मुलीने शिकू नये, चारचौघांत बोलू नये, असे सांगणारे वातावरण त्या घरी नव्हते. ज्या काळी मुलगी चौथी इयत्ता शिकली म्हणजे फार झाले असे समजत, त्या काळी ताराबाई महाविद्यालयात गेल्या आणि १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. पदवीधर स्त्रिया त्या वेळी साऱ्या इलाख्यात मोजक्याच होत्या.

पुढल्याच वर्षी, १९१५ साली, अमरावतीचे वकील श्री. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि मुंबईची ही सुशिक्षित मुलगी वऱ्हाडची सून झाली. अमरावती तेव्हाही वकिलांचे, कापसाच्या व्यापाराचे आणि सार्वजनिक चळवळींचे शहर म्हणून नावाजलेले होते. घर सुखवस्तू होते. परंतु बाहेरून सुखाचा दिसणारा हा संसार टिकला नाही. १९२१ साली पतिपत्नी विभक्त झाली. पदरी लहानगी मुलगी, माथ्यावर लोकांच्या बोलण्याचे ओझे आणि पुढे अनोळखी वाट, अशी ताराबाईंची स्थिती झाली. शंभर वर्षांपूर्वी नवऱ्याचे घर सोडून निघालेल्या बाईकडे समाज कोणत्या नजरेने पाहत असेल, याची कल्पना आपणांस सहज करता येईल. ती नजर आजही पुरती निवळलेली नाही.

ताराबाई रडत बसल्या नाहीत. शिक्षण हेच त्यांचे स्त्रीधन होते. ते घेऊन त्या काठेवाडात, राजकोटच्या बार्टन स्त्री-अध्यापन विद्यालयात प्रमुख म्हणून गेल्या. काम मानाचे होते, पगार चांगला होता. मोठ्या मुलींना शिक्षिका करून बाहेर पाठविणारी ती संस्था. पण स्वतःची मुलगी वाढत होती, आणि तिला कसे वाढवावे, कोणत्या शाळेत घालावे, हा प्रश्न आईच्या मनात होता. त्या काळच्या शाळा म्हणजे पाढे, परवचा आणि छडी. अशा ठिकाणी आपल्या चिमुकलीला नेऊन बसविणे त्यांच्या जिवावर आले.

राजकोटपासून फार दूर नसलेल्या भावनगरात तेव्हा एक नवा प्रयोग चालू होता. दक्षिणामूर्ती नावाच्या संस्थेत श्री. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाईही मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता ते वकिली सोडून बालशिक्षणाकडे वळले. मोठ्या मिशांचा हा पुरुष मुलांत इतका रमे, की गुजरातेत त्यांना मिशीवाली आई म्हणून ओळखू लागले. ताराबाईंनी हे काम पाहिले आणि १९२३ साली राजकोटची मानाची जागा सोडून त्या भावनगरास आल्या. प्राचार्यपद सोडून अडीच-तीन वर्षांच्या मुलांत येऊन बसणे म्हणजे कित्येकांना पायरी उतरण्यासारखे वाटले असेल. ताराबाईंना तसे वाटले नाही.

आता ही नवी रीत कोणती, ते थोडक्यात पाहू. इटली देशात डॉ. मारिया माँटेसरी नावाच्या विदुषीने १९०७ साली रोम शहरातील गरीब वस्तीत मजुरांच्या मुलांसाठी बालगृह उघडले. त्या स्वतः वैद्य होत्या. मुलांचे बारकाईने निरीक्षण करून त्यांनी असे ठरविले, की लहान मूल कान देऊन ऐकण्यापेक्षा हातांनी हाताळून अधिक शिकते. मोठे-लहान, जड-हलके, खडबडीत-गुळगुळीत हे त्याला बोटांनी कळले पाहिजे. म्हणून त्यांनी लाकडी ठोकळे, दट्ट्या, मनोरे, खरकागदाची अक्षरे अशी साधने तयार केली. मुलाने आपल्या मनाने साधन निवडावे, हवे तितका वेळ त्यात रमावे, चुकले तर साधनानेच त्याला चूक दाखवावी, आणि बाईंनी मध्ये मध्ये बोलू नये, अशी ही पद्धत. आपण ज्याला खेळ म्हणतो तेच मुलाचे काम होय, असे त्यांचे सांगणे होते. पुढे १९३९ साली डॉ. माँटेसरी स्वतः हिंदुस्थानात आल्या आणि महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम येथे बरीच वर्षे लांबला. परंतु त्यांच्या येण्यापूर्वीच गिजुभाई आणि ताराबाई यांनी हे शास्त्र आपल्या मातीत रुजविले होते.

रुजविले म्हणजे जसेच्या तसे उचलले नाही. भावनगरच्या बालमंदिरात गोष्टी आल्या, गाणी आली, नाटुकली आली, मातीकाम आणि बागकाम आले. छडी गेली, तसे बक्षीसही गेले. शिक्षेच्या भीतीने शिकणे जितके वाईट तितकेच बक्षिसाच्या लोभाने शिकणे वाईट, असे त्यांचे मत होते. दोन्हींमुळे मुलाचे लक्ष कामावरून उडते आणि मोठ्यांच्या चेहऱ्याकडे लागते.

या सगळ्यांतून एक अवघड प्रश्न पुढे आला, आणि ताराबाईंच्या सर्व कार्याचे मर्म त्यातच आहे. अशी शाळा चालविणारी शिक्षिका आणावयाची कोठून? मुलांना ओळीत बसवून पाढे म्हणून घेण्यास विशेष काही शिकावे लागत नाही. करडा आवाज पुरतो. पण तीस मुले तीस खेळांत गुंतलेली असताना कोणते मूल खरोखर रमले आहे, कोणते नुसतेच भटकते आहे, कोणास मदत हवी आणि कोणास एकटे सोडावे, हे ओळखण्यास डोळा तयार व्हावा लागतो. तो शिकून तयार करावा लागतो. म्हणूनच भावनगरास बालमंदिराच्या जोडीला अध्यापन मंदिर निघाले आणि शिक्षक-शिक्षिका तयार करण्याचे काम सुरू झाले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. गिजुभाई व ताराबाई यांनी शिक्षणपत्रिका चालविली, आणि १९३३ पासून ताराबाईंनी तिची मराठी आवृत्ती काढून हा विचार मराठी आईबापांच्या घरी पोहोचविला.

या शिक्षणात पुस्तकापेक्षा हातांना आणि डोळ्यांना काम अधिक. शिक्षिकेने प्रथम गप्प बसून मूल पाहावे, पाहिलेले टिपून ठेवावे. साधन कसे हाताळावयाचे ते थोडक्या शब्दांत, सावकाश करून दाखवावे. गोष्ट रंगवून सांगावी, गाणे म्हणावे, गाण्याबरोबर हातवारे करावे. त्यात लाज बाळगू नये. साधने शक्य तितकी आपल्या हातांनी करावी. सतरंजी उचलणे, पेला न सांडता नेणे, नखे काढणे, नाक पुसणे, हेही पाठच होत; ते मुलास प्रेमाने शिकवावे. आणि सर्वांत कठीण म्हणजे मुलाचे काम आपण करू नये. मूल गुंडी लावण्यास पाच मिनिटे झटत असेल, तर पाच मिनिटे थांबावे. आपणां आयांना हे किती जड जाते, ते आपणच जाणतो!

१९३२ साली ताराबाईंनी भावनगर सोडले. १९३६ साली मुंबईस दादर येथे त्यांनी शिशुविहार उभे केले. तेथेही बालमंदिराबरोबर शिक्षिका तयार करण्याचे काम होतेच. मध्यमवर्गीय घरांतील अनेक स्त्रिया तेथे शिकून गेल्या. १९३९ साली गिजुभाई निवर्तले आणि संघाचा भार ताराबाईंवर आला. दादरचे नाव झाले होते, काम स्थिर झाले होते. वयाची पन्नाशी उलटलेल्या बाईने येथे स्वस्थ राहिले असते तरी कोणी नावे ठेवली नसती.

परंतु त्यांना एक गोष्ट डाचत होती. महागडी लाकडी साधने, स्वच्छ इमारत, गणवेशातील मुले, हे सारे शहरातील सुखवस्तू घरांपुरते राहत होते. मुळात गरिबांच्या मुलांसाठी निघालेली ही पद्धत आपल्याकडे श्रीमंतांची होऊन बसली होती. महात्मा गांधींच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. देश खेड्यांत राहतो, तर बालशिक्षणही खेड्यांत गेले पाहिजे, हे त्यांना पटले होते. कस्तुरबांच्या निधनानंतर त्यांच्या स्मरणार्थ जो निधी उभा राहिला, तो खेड्यांतील स्त्रिया व मुले यांच्या कामासाठी होता. त्या कामाच्या सेविकांसाठी १९४५ साली बोरिवलीस शिबिर भरले. तेथे पुण्याहून आलेल्या एका शिक्षिकेची व ताराबाईंची गाठ पडली. त्या म्हणजे अनुताई वाघ. बालपणीच वैधव्य आलेल्या आणि नंतर हिमतीने शिकून शिक्षिका झालेल्या अनुताई या कामात ताराबाईंबरोबर आल्या त्या जन्माच्याच. एकीचा संसार मोडलेला, दुसरीचा सुरू होण्याआधीच संपलेला. पण दोघींनी मिळून हजारो मुलांचा संसार मांडला.

डहाणू तालुक्यात समुद्रकाठी बोर्डी नावाचे गाव आहे. तो भाग पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता, आता पालघर जिल्ह्यात आहे. तेथे १९४५ च्या डिसेंबरात ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. बालवाडी उघडली, पण बऱ्या स्थितीतल्या घरचीच मुले तेथे येत. हरिजनवाड्यातील आणि मजुरांची मुले येईनात. आई पहाटे कामास जाई. मुलास न्हाऊमाखू घालून, कपडे घालून वेळेवर शाळेत पोहोचवील कोण? आणि आपल्या मुलाला तेथे बसू देतील, असा भरवसा तरी त्यांना कोठे होता?

तेव्हा ताराबाईंनी साधीच गोष्ट केली. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच मुलांकडे न्यावयाची असे त्यांनी ठरविले. त्या व त्यांच्या सहकारी वस्तीत गेल्या. कोणाच्या तरी अंगणात झाडलोट केली, मुलांना गोळा केले, त्यांना आंघोळी घातल्या, केस विंचरले, नखे काढली, आणि तेथेच गाणी, गोष्टी, खेळ सुरू केले. आया कामावरून येता-जाता पाहू लागल्या. मोठी बहीण कडेवर तान्हे घेऊन येई, कारण ते सांभाळल्याशिवाय तिला मोकळीक नव्हती; म्हणून पाळणाघराचाही विचार आला. अंगणातील ही बालवाडी म्हणजेच अंगणवाडी.

साधनांचा प्रश्नही अंगणातच सुटला. शंख-शिंपले, नारळाच्या करवंट्या, बिया, पाने, फुले, दगड, माती, बांबू हीच साधने झाली. मोजणे शिंपल्यांनी झाले, रंग पानाफुलांनी शिकविले, आकार मातीने शिकविले. परदेशी साधनांमागचे तत्त्व ताराबाईंनी घेतले आणि त्यांची किंमत मागे ठेवली. या कामास सेविकाही गावातल्याच हव्यात, त्यांची बोली मुलास कळली पाहिजे, म्हणून थोडेफार शिकलेल्या ग्रामीण स्त्रियांना तयार करण्याचे वर्ग त्यांनी बोर्डीस चालविले.

१९५७ च्या सुमारास हे काम जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वस्ती वारली आदिवासींची. मुले शाळेत येत नाहीत याचे कारण तेथे वेगळे होते. ती गुरे राखावयास जात. मग कुरणशाळा निघाली, म्हणजे गुरे चरतात तेथेच गुरुजी जाऊ लागले. दिवसा काम करणाऱ्या मुलांसाठी रात्रीची शाळा निघाली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी जोडणारी विकासवाडीची कल्पनाही त्यांनी मांडली व चालवून दाखविली. घरी पाठचे भावंड राखणारी मुलगी त्या भावंडासह आली की तिचेही शिक्षण होते आणि तान्ह्याचीही काळजी घेतली जाते. हा विचार ज्याने घर चालविले आहे त्यालाच सुचेल.

१९६२ साली सरकारने ताराबाईंस पद्मभूषण हा बहुमान दिला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी त्यांनी इहलोकची यात्रा संपविली. पुढे अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरपर्यंत, हे काम निष्ठेने चालविले.

ताराबाई गेल्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि गावोगावच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आपल्या महाराष्ट्रात ही योजना प्रथम मुंबईच्या धारावीत आणि अमरावती जिल्ह्यातील धारणीत सुरू झाली. ज्या अमरावतीतून एक बाई लहान मुलगी घेऊन बाहेर पडली होती, त्याच अमरावतीच्या मेळघाटात तिच्या कल्पनेचे नाव घेऊन सरकारी योजना आली, हा योग पाहून मन भरून येते.

आता आपल्याकडे वळू. आपल्या गल्लीत, मोहल्ल्यात, खेड्यात अंगणवाडी आहेच. तेथील ताई पोषण आहार वाटतात, वजने घेतात, लसीकरणाच्या दिवशी मुले गोळा करतात, नोंदी भरतात. आणि या सर्वांतून वेळ काढून मुलांना खेळवितात. त्या खेळविण्यालाच आपण कमी लेखतो. येथे नुसते खेळणेच चालते म्हणून आपण मूल काढून घेतो आणि तीन वर्षांच्या लेकराला पाटीपेन्सिलीला जुंपणाऱ्या शाळेत पैसे भरून घालतो. मूल घरी आले की आज काय लिहिलेस, हा आपला पहिला प्रश्न. ज्या बोटांना अजून गुंडी लागत नाही, त्या बोटांनी अक्षर गिरवावे, असा आपला हट्ट असतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही तीन वर्षांपासूनच्या मुलांचे शिक्षण खेळातून व्हावे असे सांगितले आहे. ताराबाईंनी हे पाऊणशे वर्षांपूर्वी बोर्डीच्या अंगणात करून दाखविले होते.

आणि साधनांची वाण आपल्या वऱ्हाडात तरी कशाला? मण नि म्हैस या नद्यांच्या काठचे गोटे आहेत, चिंचोके, तुरीचे दाणे, सरकी, पळसाची पाने, ज्वारीचे धांडे आहेत. धांड्यांची बैलगाडी करताना मूल लांब-आखूड शिकते आणि बोटेही घडतात. तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी सजविताना रंग कळतात. भुलाबाईच्या दिवसांत आपल्या मुली डबा वाजवून आतील खाऊ ओळखतात, तो खेळ आठवा. कान तयार करण्यासाठी डॉ. माँटेसरींनी आवाजाच्या डब्या केल्या. आपल्या आज्ज्यांनी तेच काम खिरापतीच्या डब्याकडून करून घेतले होते. फक्त एवढे जपावे, की अगदी लहान मुले हातातले तोंडात घालतात; त्यांच्यापुढे बारीक बिया टाकू नयेत, मोठी वस्तू द्यावी, आणि जवळ कोणी तरी बसावे.

मंडळातील भगिनींना एवढीच विनंती आहे. आठवड्यातून एक तास आपापल्या वस्तीतील अंगणवाडीस द्यावा. कोणाला गोष्ट चांगली सांगता येते, कोणाला भुलाबाईची गाणी पाठ आहेत, कोणी चिंध्यांच्या बाहुल्या सुरेख करते. ते तेथे नेऊन द्यावे. ताईंना आज शिकविले काय असे विचारण्याऐवजी कोणते मूल आज प्रथमच बोलले, कोण अजून कोपऱ्यात बसते, हे विचारावे. त्यांचे काम शिकून करावयाचे काम आहे, दाईपणाचे नाही, हे आपण आधी मानले तर घराघरांतूनही ते मानले जाईल. शिबिरास किंवा प्रशिक्षणास जाणाऱ्या ताईच्या घरची चूल त्या दिवशी शेजारणीने सांभाळली, तर तीही बालसेवाच होय.

ताराबाईंनी एका मुलीच्या काळजीतून हे काम सुरू केले आणि ते साऱ्यांच्या मुलांपर्यंत नेले. आपणही आपल्या घरच्या मुलापासून आरंभ करू आणि पलीकडच्या अंगणापर्यंत जाऊ. त्यांच्या पुण्यस्मृतीस बाळापूरच्या भगिनींचे विनम्र अभिवादन.